मनोहरगडाची अर्धी वाट



आग्र्याहून सुटून आल्यावर १६६७ साली शिवाजी महाराज मनोहरगडावर राहिले होते, हे सरांनी आपल्याला शिरशिंग्यात, गडाच्या पायथ्याशी सांगितलं. शेजारच्या मनसंतोषगडाची वाट १८४४-४५ च्या बंडानंतर इंग्रजांनी तोडली, हेही.

नववीतली ती सहल. अर्ध्या चढावर मला धाप लागली आणि सरांनी सगळा वर्गच माघारी फिरवला. कुणी मला बोललं नाही. पण माझ्यामुळे सगळ्यांचा गड हुकला, हे चाळीस वर्षं मनात सलत राहिलं.

या जानेवारीत आपण नऊ जण पुन्हा गेलो. पर्यटक समुद्राकडे वळतात; गडवाटेवर आपणच. या वेळी माझा दम टिकला, पण आपल्यातल्या एकीचा गुडघा आखडला. "तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली. कुणीच हललं नाही. तिथेच झाडाखाली बसून डबे सोडले.

सर, उतरताना मनातला सल गेला. तुम्ही तेव्हा का फिरलात, ते कळलं.

गड आहे तिथेच आहे. पुढच्या जानेवारीत पुन्हा निघू. जमेल तिथवर, पण सगळे.