जोड कोण लावतो?



  वऱ्हाडाला व्यायामाचं वेड जुनंच. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकाने आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं परदेशी लोकांसमोर केली होती. बॉक्सिंगमध्ये मात्र अकोल्याचं नाव झालं ते अलीकडे, आपल्या सरकारी क्रीडा प्रबोधिनीमुळे.

अनंता चोपडे हे नाव तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. बुलढाणा जिल्ह्यातल्या शेतकरी घरातला हा मुलगा अकोल्याच्या प्रबोधिनीत घडला. जुलै २०१९ मध्ये इंडोनेशियातल्या प्रेसिडेंट्स कप स्पर्धेत ५२ किलो गटात त्याने सुवर्णपदक घेतलं. त्याच स्पर्धेत मेरी कोमही सुवर्ण जिंकून आली, म्हणजे तो कुठल्या पंगतीत बसला होता ते लक्षात घ्या. पुढे २०२२ मध्ये थायलंड ओपनला ५४ किलोच्या अंतिम लढतीत त्याने यजमान देशाच्याच बॉक्सरला ५-० ने हरवलं. पाच पंच असतात, आणि पाचांनी एकमुखाने आपल्या पोराला कौल दिला. तोही समोरच्याच्या घरात.

अशी बातमी आली की पालक मला हमखास विचारतात, ‘सर, आता हा व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये कधी जाणार? तिथं तर कोटींत पैसा आहे म्हणतात.’ त्या प्रश्नामागची आशा मला कळते. कापसाचा भाव ज्यांच्या हातात नाही, त्या घरातल्या पोराने मुठीच्या जोरावर वर यावं असं कुणाला वाटणार नाही? म्हणूनच आज मी एका व्यावसायिक विजेत्याची कारकीर्द तुमच्यापुढे उलगडणार आहे. तो माणूस वऱ्हाडातला नाही, हरियाणातल्या भिवानीजवळच्या कालुवासचा आहे. पण त्याच्या दोन मोठ्या लढती आपल्या मुंबईत आणि गोव्यात झाल्या. विजेंदर सिंग.

वडील हरियाणा रोडवेजमध्ये ड्रायव्हर. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ७५ किलो गटात विजेंदरने कांस्यपदक मिळवलं. बॉक्सिंगमधलं भारताचं ते पहिलं ऑलिंपिक पदक. त्याआधी भिवानी हे नाव किती जणांनी ऐकलं होतं? २०१५ च्या उन्हाळ्यात त्याने इंग्लंडच्या क्वीन्सबेरी प्रमोशन्सशी करार केला, मँचेस्टरला मुक्काम हलवला आणि ली बिअर्ड या प्रशिक्षकाच्या हाताखाली जवळजवळ नव्याने शिकायला सुरुवात केली. तिशीच्या उंबरठ्यावरच्या ऑलिंपिक पदकविजेत्याने पुन्हा शिकाऊ व्हायचं, हे सोपं नव्हतं. हौशी बॉक्सिंगमध्ये तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या. तिथे जो जास्त आणि झटपट गुण घेतो, तो जिंकतो. व्यावसायिकांत किताबाची लढत दहा-बारा फेऱ्यांची. तिथे बरगड्यांवर ठोसे देत समोरच्याचा दम काढायचा असतो, आणि त्याचा परिणाम सातव्या-आठव्या फेरीत दिसतो.

पण दोन्हींतला खरा फरक फेऱ्यांचा नाही. स्पर्धेत तुमचा प्रतिस्पर्धी ड्रॉ काढून ठरतो. पहिल्याच दिवशी विश्वविजेता समोर आला तरी तक्रार करायला जागा नसते. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये कुणाची लढत कुणाशी, कुठल्या गावात, किती फेऱ्यांची, हे लढती भरवणारा प्रवर्तक ठरवतो. आपल्या जत्रेतल्या आखाड्यात जोड लावतात ती सगळ्या गावासमोर. दोन्ही पैलवानांना शेजारी उभं करतात, अंग-उंची बघतात, आणि जोड जमत नसेल तर लोक ओरडून सांगतात. इथे जोड लागते बंद खोलीत, आणि पैलवानाच्या सहीच्या आधी हिशेब होतो तो तिकिटांचा आणि टीव्हीच्या वेळेचा.

१० ऑक्टोबर २०१५ ला मँचेस्टरमध्ये सनी व्हायटिंगविरुद्ध विजेंदरची पहिली लढत झाली, तिसऱ्या फेरीत संपली. त्यापुढच्या पाचही लढती त्याने मुदतीआधीच संपवल्या. सहाला सहा. त्याला कष्ट पडले नाहीत असं मी मुळीच म्हणत नाही. पण नवा मुष्टियोद्धा घडवताना सुरुवातीचे प्रतिस्पर्धी बेताने निवडायचे, एकेक पायरी चढवत न्यायचं, ही जगभरची रीत आहे. पराभवाच्या रकान्यातलं शून्य हेच त्याचं भांडवल, त्यावरच पुढचे करार होतात. सातवी लढत १६ जुलै २०१६ ला दिल्लीच्या त्यागराज स्टेडियममध्ये झाली. समोर केरी होप, अनुभवी आणि चिवट माणूस. विजेंदर पूर्ण दहा फेऱ्या लढला आणि डब्ल्यूबीओ या जागतिक संघटनेचा आशिया पॅसिफिक सुपर मिडलवेट पट्टा त्याने जिंकला. इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण वर्तमानपत्रं ती नीट सांगत नाहीत. हा प्रादेशिक किताब आहे, विश्वविजेतेपद नव्हे. जगात चार मोठ्या संघटना, प्रत्येकीचा विश्वविजेता वेगळा, आणि त्याखाली असे कितीतरी पट्टे. आपल्या पोराला कुणी ‘चॅम्पियन’ करतो म्हणाला, तर कशाचा, हे आधी विचारा.

५ ऑगस्ट २०१७. मुंबईत वरळीच्या एनएससीआय स्टेडियममध्ये चीनच्या झुल्पिकार मैमैतियालीशी लढत. माझ्या मते विजेंदरची ही सगळ्यांत मोलाची लढत. समोरचा तरुण, डावखुरा, शेवटपर्यंत पुढे येत राहणारा. दहा फेऱ्यांनंतर पंचांचे आकडे होते ९६-९३, ९५-९४, ९५-९४. एखादी फेरी इकडची तिकडे झाली असती तर निकाल फिरला असता. त्या दिवसांत डोकलामवरून भारत-चीन सीमेवर तणाव होता. जिंकल्यावर विजेंदर म्हणाला, सीमेवर शांतता राहणार असेल तर मी झुल्पिकारकडून जिंकलेला पट्टा त्याला परत द्यायला तयार आहे. इतका मार खाऊन उभ्या असलेल्या माणसाला त्या क्षणी हे सुचावं, याचं मला फार कौतुक आहे.

त्यानंतर लढती विरळ झाल्या. २०१८ साल कोरडं गेलं. २०१९ मध्ये अमेरिकेत एक, दुबईत एक. मग कोविड. बाराला बारा विजय घेऊन तो पुन्हा रिंगणात उतरला तो १९ मार्च २०२१ ला, पणजीत मांडवी नदीत उभ्या असलेल्या कॅसिनो जहाजाच्या डेकवर. वय ३५, जवळजवळ सोळा महिन्यांचा खंड, आणि समोर रशियाचा आर्तिश लोपसान, सहा फूट चार इंच. त्याच्या नावावर सहाच लढती होत्या, त्यांतली एक हरलेली. कागदावर जोड सोपी होती. रिंगणात ती तशी नव्हती. लांब हातांमुळे विजेंदरला आत शिरताच येईना, आणि पाचव्या फेरीत पंचांनी लढत थांबवली. पंचांनी योग्य केलं. ऑगस्ट २०२२ मध्ये रायपूरला दुसऱ्याच फेरीत प्रतिस्पर्ध्याला झोपवून त्याने पुनरागमन केलं खरं, पण शून्य गेलं ते गेलंच.

लढत थांबवण्याचा निर्णय पंचांइतकाच बॉक्सरच्या कोपऱ्यातल्या माणसांचाही असतो. दोन फेऱ्यांमधल्या एका मिनिटात तिथे काय चालतं, ते जवळून बघण्यासारखं असतं. बॉक्सर स्टुलावर बसतो. एक जण तोंडातला दंतरक्षक काढून पाणी देतो. प्रशिक्षक समोर वाकून दोनच वाक्यं बोलतो, कारण तिसरं डोक्यात शिरत नाही. जखम सांभाळणारा माणूस बर्फात ठेवलेला धातूचा सपाट तुकडा सुजलेल्या डोळ्याखाली दाबतो, भुवई फाटली असेल तर अ‍ॅड्रेनलिनमध्ये भिजवलेला बोळा जखमेत धरतो आणि वरून व्हॅसलीन थापतो. त्या मिनिटाचं सगळ्यांत मोठं काम मात्र प्रशिक्षकाने बॉक्सरच्या डोळ्यांत पाहणं हे असतं. आता याला उठू द्यायचं की नाही? १९८२ मध्ये लास व्हेगासला दक्षिण कोरियाचा किम डुक-कू चौदाव्या फेरीत कोसळला आणि काही दिवसांत गेला. त्यानंतर किताबाच्या लढती पंधरावरून बारा फेऱ्यांवर आल्या. नियम बदलायला एक तरुण जीव जावा लागला.

आता पालकांच्या प्रश्नाकडे येतो. विजेंदरला परदेशातला करार मिळाला तो ऑलिंपिक पदकाच्या नावावर. ते नाव घडवलं भिवानीच्या प्रशिक्षकांनी, राष्ट्रीय शिबिरांनी, सरकारी खर्चाने. आपल्या प्रबोधिनीतही निवास, आहार, प्रशिक्षण सरकारच देतं. तेव्हा चौदा-पंधरा वर्षांच्या पोराने आधी ती वाट पुरी चालावी, पदक मिळवावं, खेळाडूंच्या कोट्यातली नोकरी हाती घ्यावी. व्यावसायिक बॉक्सिंगला माझा विरोध नाही. २०१६ पासून व्यावसायिकांनाही ऑलिंपिकची दारं उघडली आहेत. माझा आग्रह एवढाच की करार मराठीत समजून घेतल्याशिवाय कुणी सही करू नये. मेंदूची आणि डोळ्यांची तपासणी कोण करणार, खर्च कोणाचा, सरावात हात मोडला तर सहा महिने घर कशावर चालेल, हे त्यात लिहिलेलं हवं. आणि पहिली लढत हरल्यावर दुसरी जोड मिळेल याची हमी कोण देतो, हेही. प्रवर्तक ती देत नसेल, तर तो पोरगा अकोल्याला परत येईल तेव्हा त्याच्या हाताला काम कोणतं द्यायचं, ते आपल्या जिल्ह्याने, क्रीडा खात्याने आणि इथे बसलेल्या आपण सगळ्यांनी आधीच ठरवायला हवं.