येर म्हणजे पाणी



इथे आरमोरीत मला दिलेला विषय लांबलचक आहे : मुलं हिंसेच्या वाटेला जाऊ नयेत म्हणून शिक्षकांना काय शिकवावं? मी त्याची सुरुवात एका शब्दाने करतो.

नोकरीच्या पहिल्या पावसाळ्यात मी एका आश्रमशाळेत होतो. पहिलीतला एक मुलगा तापाने फणफणला होता आणि रात्रभर "येर, येर" म्हणत होता. पोरगं तापात बरळतंय असं समजून मी त्याच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत राहिलो. पाण्याची बादली माझ्या मांडीला लागून होती. पहाटे सातवीतली एक मुलगी आली आणि म्हणाली, "सर, थो पानी मांगते." गोंडीत येर म्हणजे पाणी. डी.एड.ला मी बालमानसशास्त्र शिकलो होतो, पाठाचं टाचण काढायला शिकलो होतो. हा शब्द मला कुणी शिकवला नव्हता, आणि मीही तो कुणाला विचारला नव्हता.

आता दुसरी बाजू बघा. 1980 साली आंध्रातून नक्षलवाद्यांच्या पहिल्या तुकड्या नदी ओलांडून आपल्याकडे आल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात सिरोंचा तालुक्यातल्या मोयाबिनपेठ्याला त्यांच्यातला पेद्दी शंकर पोलिसांच्या गोळीने मेला. गडचिरोली जिल्हा तेव्हा झालाही नव्हता, तो 1982 चा. आलेली पोरं तेलुगू बोलणारी होती. ती गोंडी शिकली, माडिया शिकली. पुढे त्यांच्या चेतना नाट्य मंचाने गावोगाव गोंडीत गाणी बसवली, नाच बसवले. आधी भाषा आली, मग गाणं आलं आणि गाण्यामागून बंदूक आली. आपण मात्र त्याच मुलाला मराठी वाचता येत नाही म्हणून मागच्या बाकावर बसवत होतो. चाळीस वर्षांच्या रक्तपाताचं हे एकमेव कारण आहे असं मी म्हणत नाही. जमीन आहे, बांबू-तेंदूची मजुरी आहे, जंगलखात्याचा जाच आहे. पण शिक्षक म्हणून आपल्या पदरात पडतं ते हे, आणि ते मी टाळणार नाही.

15 ऑक्टोबर 2025 ला नक्षल नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं खाली ठेवली. तेव्हापासून मला पुष्कळ जण विचारतात, "गुरुजी, आता हे प्रशिक्षण कशाला?" माझ्या मते, खरी गरज आता सुरू झाली. मर्केगाव, हत्तीगोटा, लाहेरी, 2009 मध्ये जिथे पोलीस मारले गेले ती नावं आपण विसरलेलो नाही. 2019 च्या महाराष्ट्रदिनी आपल्या शेजारच्या कुरखेडा तालुक्यात, जांभुळखेड्याला, 15 जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक मारला गेला. आता एकाच वर्गात शहीद जवानाची मुलगी बसते, खबरी ठरवून मारलेल्या माणसाचा नातू बसतो आणि आत्मसमर्पण केलेल्या बाईचं मूलही बसतं. तिघांना एकच धडा शिकवायचा आहे. त्यांच्यासमोर उभ्या राहणाऱ्या बाईंना आपण काय दिलं? एक दिवसाचं प्रशिक्षण, पीपीटी आणि हजेरीपटावर सही.

एका प्रशिक्षणात एका तरुण शिक्षकाने मला सांगितलेली गोष्ट ऐका. ते आठवीला 1857 शिकवत होते. बाबुराव शेडमाके यांना 21 ऑक्टोबर 1858 रोजी चांद्याच्या तुरुंगात फाशी दिली, इथपर्यंत पाठ आला. मागून एक मुलगा उठला. "सर, शेडमाकेंनी पण बंदूक घेतली. त्यांना आपन हार घालतो. मंग दादालोग वाईट कसे?" दादालोग म्हणजे नक्षलवादी. शिक्षक घाबरले. "खाली बस, परीक्षेत हे येत नाही," म्हणाले. तो मुलगा नंतर वर्गात काहीच विचारीनासा झाला.

माझ्या मते शिक्षकांचं सगळं प्रशिक्षण या एका प्रश्नाभोवती बांधावं. मुलगा प्रश्न विचारतो म्हणजे तो अजून आपल्याकडे आहे. त्याचं नाव मनातही टिपून ठेवू नका. त्याला सांगा, प्रश्न चांगला आहे. मग वर्गाला विचारा की 1858 मध्ये कायदा कोण करत होतं, शेडमाकेंना तो बदलता आला असता का, आणि आज आपल्याला येतो का? मुलं म्हणतील, "ग्रामसभेचं कोनी ऐकत नाही." तेही फळ्यावर लिहा. मग विचारा, आपल्या जिल्ह्यात दादांच्या बंदुकीने कोण मेलं? चिठ्ठी ठेवून रस्त्यावर टाकलेली ती प्रेतं कुणाची होती? बहुतेक गोंड, माडिया गावकऱ्यांचीच. पोलिसांच्या नक्षलविरोधी सी-60 दलात पडलेली पोरंही कितीतरी याच गावांतली. पण एखाद्या मुलाने आपल्या बापाला पोलिसांनी मारल्याचं सांगितलं, तर तेही तितक्याच शांतपणे ऐका. तिथे तुम्ही तोंड फिरवलंत, तर पुढचं तुमचं कुठलंच बोलणं त्याला खरं वाटणार नाही.

आणि एक गोष्ट मी इथे जाहीरपणे, हात जोडून मागतो. शिक्षकाला खबरी करू नका, ना या बाजूचा, ना त्या बाजूचा. ब्रिटनमध्ये 2015 च्या कायद्याने शाळांवर अतिरेकी विचारांपासून मुलांना रोखण्याची कायदेशीर जबाबदारी टाकली गेली. तिथे संशय येईल त्या मुलाची माहिती कळवण्याची व्यवस्था आहे. पुढच्याच वर्षी तिथल्या मोठ्या शिक्षक संघटनेने तिला विरोध केला. मुलं वर्गात मोकळं बोलणार नाहीत, ही त्यांची भीती होती. त्याच 2016 मध्ये युनेस्कोने शिक्षकांसाठी काढलेल्या पुस्तिकेचा भर वर्गातल्या अवघड चर्चा कशा घ्याव्यात यावर आहे. आपल्याकडे खबरी या शब्दाची किंमत काय आहे हे तुम्हाला सांगायला नको. तो शिक्का शिक्षकावर बसला, तर त्याचा जीव जातो आणि शाळा ओस पडते.

मुलांना दाखवायला आपल्याजवळ काही आहे का? आहे, आणि फार लांब नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये सुमारे 1,809 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. हक्क मिळाला, पण बांबू बाहेर नेण्याचा वाहतूक परवाना खातं देईना. गावातले देवाजी तोफा आणि इतर गावकऱ्यांनी हात टेकले नाहीत, बंदूकही धरली नाही. शेवटी 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. त्या गावात निर्णय सर्वसहमतीने होतात आणि त्याआधी अभ्यासगट बसतो. मोहन हिराबाई हिरालाल यांनी या अभ्यासगटांसाठी आयुष्य वेचलं. आपल्या किती शिक्षकांनी त्या गावात एक रात्र मुक्काम केला आहे? प्रशिक्षण तिथे घ्या. हॉटेलच्या सभागृहापेक्षा स्वस्त पडेल.

त्याच तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेने 2019 मध्ये गोंडी माध्यमाची शाळा काढली. शिक्षण विभागाने ती अनधिकृत ठरवली. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करावी, असं संविधानाचं कलम 350-अ सांगतं. मुलांना मातृभाषेत शिकवणाऱ्या गावाला नोटीस जाते तेव्हा घराघरांत काय बोललं जात असेल, याचा मला घोर लागतो.

तुम्ही झाडीपट्टीची माणसं. वडसा इथून हाकेच्या अंतरावर, मंडईत रात्र-रात्र नाटक बघणारे तुम्ही. म्हणून मी एक प्रयोग सुचवतो. केंद्राच्या शिक्षण परिषदेत पीपीटी बंद करा आणि दंडारीसारखं रिंगण करा. अर्धे शिक्षक विद्यार्थी होतील, एक जण उभा राहून शेडमाकेंबद्दलचा तो प्रश्न विचारेल आणि दुसऱ्याने उत्तर द्यायचं.

मी हे एकदा करून पाहिलं आहे. उत्तर द्यायला उठलेले गुरुजी वीस वर्षं नोकरी झालेले होते. बराच वेळ ते खडू बोटांत फिरवत उभे राहिले. मग विद्यार्थी झालेल्या त्या सहकाऱ्याजवळ जाऊन खाली जमिनीवर बसले आणि म्हणाले, "बाबू, मले आत्ताच सांगता येत नाही. पन तू बोल, मी आयकतो."