मुळाशी ताडून पाहिले



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते नकलेच्या कागदावर ‘मुळाशी ताडून पाहिले’ असा शेरा मारल्याखेरीज सही करीत नसत. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने संगणकावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु माझा आजचा विषय त्या शेऱ्याचाच आहे.

मोठ्या कचेरीत शेकडो संगणक असतात. प्रत्येकापाशी जाऊन नवी आज्ञावली बसवायची, तर महिने लोटतील. म्हणून एक मध्यवर्ती संगणक, ज्याला सर्व्हर म्हणतात, ती सर्वांकडे धाडतो. माणसे घरी निजलेली असताना ती आपोआप बसते. या कामासाठी मायक्रोसॉफ्टने १९९४ साली स्वतंत्र आज्ञावली आणली आणि विंडोज २००० च्या सर्व्हरमध्ये ही सोय अंगभूतच झाली. कोणत्या खात्याला काय मिळावे हे एकदा ठरवून दिले, की यंत्रे तो हुकूम बिनतक्रार पाळतात.

देवासकरांना यातील मर्म चटकन उमगावे. तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंच्या थोरल्या व धाकट्या पातींमुळे या एकाच गावात दोन दरबार, दोन कारभार १९४८ पर्यंत नांदले. एका पातीचा हुकूम दुसरीत चालत नसे. गैरसोय मोठी, पण एकीकडची चूक दुसरीकडे आपसूक पोहोचत नसे, हेही खरे.

आता माझा अनुभव सांगतो. धारच्या एका घराण्यातील मोडी कागदांची सविस्तर यादी मी सहा वर्षे खपून एका संस्थेच्या संगणकावर तयार केली होती. २००९ साली एका रात्री तेथील सर्व यंत्रांवर नवी व्यवस्था एकदम बसवली गेली. सकाळी यादी उघडली, तो पडद्यावर रोमन अक्षरांचा निरर्थक खच! जुन्या फॉण्टांत देवनागरीची चित्रे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असत. फॉण्ट गेला की मागे उरते ती रोमन अक्षरेच. माझा फॉण्ट मंजूर यादीत नव्हता, म्हणून तो पुसला गेला. हुकूम देणाऱ्याची नियत वाईट नव्हती. त्या यंत्रावर कोण काय लिहितो, एवढेच कोणी विचारले नव्हते.

याच शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने तो मजकूर युनिकोडमध्ये आणून दिला. तथापि, रूपांतरात अनेक जोडाक्षरे आणि रफार बिघडले. सुदैवाने छापील प्रत कपाटात होती. दोन महिने आम्ही ओळीमागून ओळ ताडून पाहिली, तेव्हा कोठे यादी वाचली.

माझे नुकसान एका माणसाचे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची सदोष फाइल जगभर आपोआप पोहोचली. चूक ध्यानात येऊन ती ७८ मिनिटांत मागे घेतली गेली. पण तेवढ्यात सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले होते. आपल्या देशात विमान-प्रवाशांच्या हाती हाताने लिहिलेले बोर्डिंग पास पडले. बिघाड पोहोचला आपोआप. दुरुस्तीसाठी मात्र असंख्य ठिकाणी माणसाला यंत्रापाशी जाऊन बसावे लागले. यापुढे अशा फायली टप्प्याटप्प्याने पाठवू, असे कंपनीने नंतर जाहीर केले.

म्हणजे उपाय नवा नाही. आधी चार यंत्रांवर बसवावे, दोन दिवस थांबावे, त्यावर काम करणाऱ्याला विचारावे आणि मगच पुढे धाडावे. शिवाय परतीची वाट मोकळी ठेवावी. आमच्या घरी सुद्धा शिताची परीक्षा झाल्यावाचून पंगत बसत नसे.

आपल्यापैकी अनेकजण आज मोठ्या कंपन्यांत अशी कामे पाहतात. एका कळीसरशी हजार यंत्रांना हुकूम देण्याचा अधिकार आपल्या हाती आहे. ती कळ दाबण्यापूर्वी गुरुजींचा शेरा आठवावा, एवढीच विनंती.