गार फवारा : त्याचा उपयोग आणि त्याची मर्यादा



वसंत व्याख्यानमालेत विद्वानांनी बोलावे असा प्रघात आहे. आम्ही विद्वान नव्हे. शाळा लवकर सुटली. पुढले जे काही शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत, कायद्याची पुस्तके आणि औषधांच्या खोक्यांतले बारीक अक्षरांचे कागद वाचून झाले. आजचा विषयही अशाच एका कागदावरचा आहे. दुखऱ्या जागी मारण्याचा जो गार फवारा असतो, त्याबद्दल आम्ही बोलणार आहोत. विषय लहान वाटेल. परंतु ही बाटली आज कबड्डीच्या मैदानावर आहे, कारखान्याच्या पेटीत आहे आणि पुष्कळ घरांत फळीवर आहे. ती कशी वापरावी हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. आम्हालाही नव्हते, आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजली. तो प्रसंग पुढे येईलच.

आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. उन्हाळ्यात माठातले पाणी गार का होते? माठाच्या अंगातून पाझरणारे पाणी वाफ होऊन उडते आणि उडताना उष्णता घेऊन जाते. फवाऱ्याची युक्ती हीच. डॉक्टर वापरतात त्या बाटलीत बहुधा एथिल क्लोराइड नावाचे द्रव्य असते. पाणी 100 अंशांवर उकळते, हे द्रव्य सुमारे 12 अंशांवरच उकळते. माणसाच्या अंगावर पडताच ते उडू लागते आणि कातडीतली उष्णता इतक्या झपाट्याने ओढून नेते की तिथले मज्जातंतू काही क्षण निरोप पोचवण्याचे थांबवतात. निरोप पोचला नाही म्हणजे वेदना कळत नाही.

ही कल्पना नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इंग्लंडात जेम्स अर्नॉट यांनी बर्फ आणि मीठ यांच्या मिश्रणाने अंग बधिर करून पाहिले. 1866 मध्ये बेंजामिन वॉर्ड रिचर्डसन यांनी ईथरचा फवारा वापरला. पुढे एथिल क्लोराइड आले. गळू फोडताना किंवा सुई टोचताना डॉक्टर त्याचा उपयोग करतात. बधिरपणा टिकतो साधारण एक मिनिट. हा एक मिनिटाचा आकडा श्रोत्यांनी लक्षात ठेवावा. आमचा सारा मुद्दा त्यावर उभा आहे.

बाजारात मिळणाऱ्या बाटल्या सगळ्या सारख्या नसतात. काहींत ब्यूटेन, प्रोपेन असे वायू असतात. ते खरोखर कातडी गोठवू शकतात. काहींत मुख्यतः मेंथॉल म्हणजे पुदिन्याचे सत्त्व असते. ते गारव्याचा भास देते, पण अंग बधिर करीत नाही. म्हणून पहिला नियम असा की बाटलीवरचे वाचावे. वाचता येत नसेल तर वाचणाऱ्याकडून वाचून घ्यावे. त्यात लाज कसली?

दुसरा नियम अंतराचा आणि वेळेचा. बाटली कातडीला टेकवून कधीही मारू नये. एथिल क्लोराइडच्या बाटलीसाठी 8 ते 23 सेंटिमीटर अंतर सांगितलेले असते. म्हणजे चार-पाच बोटांपासून वीतभर. फवारा 3 ते 7 सेकंद मारावा, आणि कातडी पांढरी पडू लागली की त्याआधीच थांबावे. पांढरी पडेपर्यंत नव्हे, पडू लागताच. इतर बाटल्यांचे आकडे वेगळे असू शकतात. तिथे त्या बाटलीचा शब्द प्रमाण. दुखणे थांबले नाही म्हणून पुन्हा पुन्हा मारीत राहणे हा उपचार नव्हे. गारठ्यानेही कातडी भाजते. विस्तवाने भाजल्यावर फोड येतात तसेच फोड इथेही येतात. जागा पांढरीफटक, कडक झाली तर चोळू नये, शेकोटीपुढे धरू नये. अंगाला सोसेल अशा कोमट पाण्यात ठेवावी आणि डॉक्टरांकडे जावे.

तिसरा नियम जागेचा. डोळे, नाक, तोंड आणि उघडी जखम यांवर फवारा मारू नये. चेहऱ्याजवळ वापरण्याची वेळ डॉक्टरांवर सोडावी. बंद खोलीत मारू नये, कारण वाफ छातीत जाते. एथिल क्लोराइड एके काळी हुंगवून माणसाला बेशुद्ध करण्यासाठी वापरीत. त्यात माणसे दगावली. आज काही पोरे गंमत म्हणून असल्या बाटल्या हुंगतात, त्यांच्या आईबापांनी हे नीट ऐकावे. या वाफेने हृदय एकाएकी बंद पडू शकते.

चौथा नियम विस्तवाचा. यांतल्या पुष्कळ बाटल्यांतले द्रव्य पेट घेते, आणि त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते. चूल, विडी, वेल्डिंगची ठिणगी यांच्याजवळ ती काढू नये. आमच्या डहाणूकडे फुग्यांचे कारखाने आहेत, लहान लहान यंत्रशाळा आहेत. तिथे हा नियम भिंतीवर लिहून ठेवावा. रिकामी बाटलीसुद्धा भोसकू नये की जाळात टाकू नये. तलासरीच्या हमरस्त्यावर उन्हात उभ्या असलेल्या मालमोटारीच्या काचेमागे ती ठेवणे म्हणजे फटाका ठेवण्यासारखेच आहे.

पाचवा नियम माणसाचा. कुणाला हा फवारा मारू नये? ज्याच्या कातडीला आधीच संवेदना नाही त्याला. मधुमेहाने पाय बधिर झालेला असेल किंवा महारोगाचा सुन्न चट्टा असेल, तर गारठा भाजतो आहे हे त्याला कळणारच नाही. ज्याचे रक्ताभिसरण मंद आहे किंवा ज्याला थंडीने अंगावर गांधी उठतात, त्यालाही नको. आमच्या आदिवासी भागात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे, ती सिकलसेल. या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक शिरांत अडकतात. थंडीने शिरा आकसतात आणि अडकणे वाढते. हातपाय ठणकतात म्हणून सिकलसेलच्या रोग्याला कुणी गार फवारा मारला, तर औषधानेच दुखणे वाढायचे. 2023 पासून या आजाराच्या तपासणीची देशव्यापी मोहीम चालू आहे. आपल्या पाड्यावरच्या प्रत्येकाने तपासणी करून घ्यावी.

आणि साप-विंचवाबद्दल. भातलावणीच्या दिवसांत आमच्या शिवारात दंश होतात. दंशावर फवारा नको, बर्फ नको, कापणे नको, करकचून बांधणेही नको. दंश झालेला अवयव हलू न देता डहाणू, कासा किंवा तलासरीचे सरकारी रुग्णालय गाठावे. 108 ला फोन करावा. विंचवाच्या विषाने मरण येते ते हृदयावर ताण आल्याने, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी 1980 च्या दशकात दाखवले आणि प्राझोसिन या गोळीने असंख्य जीव वाचू लागले. तेव्हा दंशाची जागा बधिर झाली म्हणजे विष उतरले, असे मानणे हे मरणाला वाट करून देणे आहे.

आता तो प्रसंग. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात आमच्या युनियनने प्रथमोपचाराच्या पेटीचा प्रश्न धरला होता. नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. 1948 च्या कारखाने कायद्याने दर 150 कामगारांमागे एक पेटी ठेवण्याचा दंडक घातला होता. तिथल्या पेटीत कापूस आणि वाळलेले आयोडिन एवढेच होते. आम्ही भांडलो, पेटी भरून घेतली, आणि यादीत गार फवाऱ्याची बाटली आम्हीच आग्रहाने घातली. द्वारसभेत तिचे कौतुकही केले.

दोन महिन्यांनी तलासरीकडच्या एका वारली पोराचा अंगठा यंत्रात चेमटला. मुकादमाने फवारा मारला, पोराला हायसे वाटले, तो पुन्हा यंत्रावर उभा राहिला. दुपारी दुखले, फवारा. संध्याकाळी दुखले, फवारा. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी अंगठ्याची कातडी काळवंडून फोड आले तेव्हा तो आमच्याकडे आला. फोटोत हाड मोडलेले निघाले. दोन दिवस मोडक्या हाडावर काम झाले होते. भरपाई मागायला गेलो तर अपघाताच्या वहीत नोंद नाही. नोंद का नाही? तर हा गडी एक दिवसही गैरहजर नव्हता! अंगठा पुढे जुळला, पण वाकडा. आम्हाला पाहिले की तो पोरगा अजून ‘काका’ म्हणून हाक मारतो, आणि आमची नजर आधी त्याच्या अंगठ्याकडे जाते.

त्या दिवशी आम्हाला समजले की बाटली मागितली, पण बाटलीबरोबर मागायचे ते मागितले नाही. तेव्हापासून आमची मागणी तीन कलमी असते. पेटीजवळ प्रथमोपचार शिकलेला माणूस हवा. फवारा एकदा मारला की वहीत नोंद झालीच पाहिजे, मग कामगार काम करीत असो वा नसो. आणि सूज, वाकडेपणा, बोट न हलणे यांपैकी काही दिसले तर यंत्र थांबवून डॉक्टर. 1948 चा कायदा जाऊन आता नवी संहिता आली आहे, तरी या तीन गोष्टींवाचून कुठलीही पेटी पुरी होत नाही. घरातही हाच न्याय लावावा. पाय मुरगळला तर विश्रांती द्यावी, पाय उंच ठेवावा, बर्फ फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे धरावा. फवाऱ्याच्या जोरावर पोराला परत मैदानात ढकलू नये. बधिर घोट्यावर उडी मारणारा खेळाडू आपलाच घोटा मोडतो.

आज ज्याला तलासरी तालुका म्हणतात, तिथल्या झरी गावी 1945 मध्ये वारली माणसे जमली आणि यापुढे वेठबिगार करणार नाही असे म्हणाली. त्याआधी ती पिढ्यान्‌पिढ्या सोसत होती. सोसणे संपले ते, दुखते असे मोठ्याने सांगितल्यावर. शरीराचेही तसेच आहे. वेदना ही वर्दी आहे. ती कुणी दिली, कशासाठी दिली, हे विचारण्याआधी वर्दी देणाऱ्याचे तोंड बांधू नये. सुई टोचताना, गळू फोडताना एक मिनिट तिला गप्प बसवणे हा विज्ञानाचा उपकार आहे, आणि तो आपण जरूर घ्यावा. परंतु फवारा मारणाऱ्याने एका मिनिटानंतर काय करायचे ते आधी ठरवावे, आणि मगच बाटली हातात घ्यावी.