चैत्रातला एकटा धनेश

मंडळी, खानापूर-जांबोटीकडे आपण जातो ते पावसाळ्यात, धबधबे बघायला. माझे म्हणणे, चैत्रात जा. कोशिंबाला तांबडी पालवी फुटलेली असते, करवंदी फळावर आलेल्या असतात. उंच फांद्यांत शेकरूची काटक्या-पानांची घरटी दिसतात. एकच शेकरू अनेक घरटी बांधते, तेव्हा घरट्यांवरून शेकरांची गणती करू नका!

पण धनेश एकटाच ये-जा करताना दिसला, तर थांबा. त्याची मादी जुन्या झाडाच्या ढोलीत अंड्यांवर बसलेली असते. ढोलीचे तोंड ती लिंपून घेते, चोचीपुरती फट तेवढी ठेवते. वड-उंबराची फळे आणून हा तिला भरवतो, पुढे पिल्लांनाही. तो मारला गेला तर आतल्यांची उपासमार. झाडच पडले तर पुढच्या वर्षीचेही घर गेले, कारण जोडी बहुधा त्याच ढोलीत परतते.

भीमगड अभयारण्य २०११ साली जाहीर झाले. आपल्या मालकीच्या रानातला म्हातारा बेहडा मात्र त्या हद्दीबाहेर, आपल्याच हाती आहे. लाकडाचा व्यापारी दारात आला, तर सौद्याआधी एकदा झाडाखाली जाऊन या. ढोलीखाली बियांचा सडा दिसला, तर त्याला चहा पाजा आणि सांगा, हे झाड विकायचे नाही.