घाशीरामाला धोंडे, नानांना हार

साहित्य संमेलनाच्या अध्यक्षाने आधी आभार मानावेत, मग गावाचा गौरव करावा, मग साहित्य आणि समाज यांचं नातं सांगून खाली बसावं, अशी रीत आहे. आभार मानतो. गौरव वगळतो. नाशिकच्या अंबडचा गौरव करायला मंत्री येतातच, औद्योगिक वसाहतीत कुठलंही उद्घाटन असलं की येतात. आणि साहित्याबद्दल जे बोलायचं आहे ते पोलीस ठाण्यातून जाऊनच बोलणार आहे.

नाशिकच्या कुठल्याही दैनिकाचं शहराचं पान उघडा. चार-आठ दिवसांत एक चौकट सापडतेच: अमुक ठाण्याचा हवालदार, तमुक ठाण्याचा उपनिरीक्षक लाच घेताना रंगेहाथ. गुन्हा दाखल न करण्यासाठी, जप्त गाडी सोडण्यासाठी, कलम सौम्य लावण्यासाठी. आपण चहा पिता पिता म्हणतो, बरं झालं, सापडला एकदाचा. व्हॉट्सॲपवर ती बातमी दुपारपर्यंत सिडकोभर फिरते. उत्तमनगरपासून पाथर्डी फाट्यापर्यंत सगळ्यांना समाधान मिळतं.

या समाधानाशी माझं भांडण आहे.

सापळा कसा लागतो ते इथल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. तक्रारदार लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे जातो. मागणीची पडताळणी होते, दोन सरकारी पंच बोलावले जातात, नोटांना पावडर लावली जाते. नोटा हातात पडल्या की इशारा, मग झडप, मग सोड्याच्या पाण्यात हात बुडवायचे आणि पाणी गुलाबी झालेलं पंचांनी पाहायचं. इथवर बातमी असते. पुढचं कोणी छापत नाही आणि आपण विचारत नाही. निलंबन होतं, निर्वाह भत्ता सुरू होतो. खटला चालवायला वरिष्ठांची मंजुरी लागते, ती फाईल फिरते. वर्षं जातात, पंचांच्या बदल्या होतात, साक्षीदार फिरतात. दरम्यान तो माणूस कामावर परत आलेला असतो. निकाल लागतो तेव्हा तक्रारदार दुकान बंद करून गावी गेलेला असतो. ‘सापडला’ आणि ‘शिक्षा झाली’ यांच्यामध्ये जे मैलोगणती रान आहे, त्यात आपली एकही चौकट नाही.

आता त्या हवालदाराच्या खिशातून वर चढू. ते पैसे एकट्याचे असतात का? टपरीवाल्याला विचारा, भंगारवाल्याला विचारा, परमिट रूमच्या मॅनेजरला विचारा. तो सांगेल, ‘साहेबांचं’ वेगळं असतं. साहेब का घेतो? बदलीला मोजलेलं असतं म्हणून घेतो. हे गुपित नाही आणि नवंही नाही. 1888 मध्ये पुण्याला मध्य विभागाचा कमिशनर आर्थर क्रॉफर्ड याच्यावर हाच आरोप झाला. चांगली नेमणूक, चांगली बदली हवी तर मामलेदारांनी पैसे पोचवायचे. चौकशी झाली. मामलेदारांना सांगण्यात आलं, खरं बोला, तुम्हाला अभय आहे. ते खरं बोलले. क्रॉफर्ड लाचेच्या आरोपातून सुटला, हाताखालच्या लोकांकडून कर्ज घेतलं एवढ्यावरून त्याची नोकरी गेली. आणि अभयावर विसंबून कबुली देणाऱ्या मामलेदारांपैकी कित्येकांना बडतर्फ केलं. टिळक त्यांच्या बाजूने उभे राहिले, ते यासाठी. लाच देणारे मामलेदार धुतल्या तांदळाचे होते असं टिळकांना वाटत नव्हतं. वरचा सुटतो आणि बोलणारा मरतो, हा न्याय त्यांना मान्य नव्हता.

जाता जाता लेखकांसाठी सांगतो. याच क्रॉफर्डने 1894 मध्ये लंडनहून पुस्तक प्रसिद्ध केलं, हिंदुस्थानातल्या पोलीस अधिकाऱ्याच्या आठवणींचं. निर्लज्जपणालाही प्रकाशक मिळतो. त्याच्या नावाची मंडई मुंबईत आहे, कागदोपत्री तिला आता महात्मा फुल्यांचं नाव आहे, आणि तिच्या समोरच मुंबईच्या पोलीस आयुक्तांची कचेरी आहे.

त्याच कचेरीतून उचलबांगडी झालेले आयुक्त परमबीर सिंह यांनी 20 मार्च 2021 रोजी पत्र लिहिलं. गृहमंत्री अनिल देशमुखांनी पोलीस अधिकारी सचिन वाझेला महिन्याला शंभर कोटी गोळा करायला सांगितले, मुंबईत 1,750 बार आहेत, असा हिशेब त्यात होता. 5 एप्रिलला उच्च न्यायालयाने सीबीआयला प्राथमिक चौकशी करायला सांगितलं, त्याच दिवशी देशमुखांनी राजीनामा दिला. नोव्हेंबरात ईडीने त्यांना अटक केली. 28 डिसेंबर 2022 ला ते जामिनावर बाहेर आले. मधल्या काळात आरोप करणारे परमबीर स्वतः खंडणीच्या गुन्ह्यांत अडकले, न्यायालयाने त्यांना फरार घोषित केलं, डिसेंबर 2021 मध्ये ते निलंबित झाले. आणि निवृत्त न्यायमूर्ती चांदीवाल यांच्या चौकशी आयोगापुढे त्यांनी काय सांगितलं? पत्रापलीकडे आपल्याकडे द्यायला पुरावा नाही. सरकार बदललं, मे 2023 मध्ये निलंबनही मागे घेतलं गेलं.

या सगळ्यात आपण, म्हणजे सुशिक्षित मराठी माणूस, काय करत होतो? निम्मे म्हणत होतो, शंभर कोटी खाल्ले, सडवा तुरुंगात. उरलेले म्हणत होतो, केंद्राचं कारस्थान आहे, पत्र लिहून घेतलं. ज्याचा पक्ष त्याचं मत. आरोप खरा की खोटा हे कोणालाच नको होतं. पुरावा देतो! त्याच चांदीवाल आयोगाने एप्रिल 2022 मध्ये अहवाल दिला. ठाकरे सरकारने तो लोकांपुढे ठेवला नाही. शिंदे सरकारनेही ठेवला नाही. एकमेकांचे कपडे फाडणाऱ्या दोन सरकारांचं एका गोष्टीवर एकमत झालं, आणि त्याविरुद्ध नाशकात एक मोर्चा निघाला नाही. शंभर कोटींवर आपण वर्षभर भांडलो, अहवालासाठी एक पोस्टकार्ड टाकलं नाही.

तीच गत बदल्यांच्या बाजाराची. गुप्तवार्ता आयुक्त असताना रश्मी शुक्ला यांनी 2020 मध्ये पोलीस बदल्यांतल्या दलालांबद्दल अहवाल दिला. तो बाहेर आला तेव्हा चौकशी कशाची झाली? फोन कोणी ऐकले याची, कागद कोणी फोडला याची. सत्ता बदलली, शुक्लांवरचे गुन्हे निकाली निघाले, जानेवारी 2024 मध्ये त्या पोलीस महासंचालक झाल्या. फोन ऐकणं योग्य होतं का, हा प्रश्न मोठा आहे, मी तो झटकत नाही. पण त्या फोनवर जे बोललं जात होतं म्हणतात, त्या बाजाराचं काय झालं? दोन्ही बाजूंना तो विषय नको होता. क्रॉफर्डच्या वेळी निदान चौकशी तरी बाजाराची झाली.

आता घरचं. छगन भुजबळ आपल्या जिल्ह्याचे. गृहमंत्री राहिलेला माणूस. मार्च 2016 मध्ये ईडीने त्यांना अटक केली, मे 2018 मध्ये जामीन मिळाला, सप्टेंबर 2021 मध्ये महाराष्ट्र सदनाच्या प्रकरणात लाचलुचपत विभागाच्या खटल्यातून विशेष न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केलं. तीन महिन्यांनी नाशकात 94 वं अखिल भारतीय साहित्य संमेलन भरलं, त्याचे स्वागताध्यक्ष कोण? भुजबळ. संमेलन त्यांच्याच शिक्षणसंकुलात. मंडपात शेकडो लेखक होते. एकालाही उठून विचारावंसं वाटलं नाही, की साहेब, तुम्ही निर्दोष असाल तर दोन वर्षांहून जास्त काळ तुम्हाला आत ठेवणाऱ्यांना जाब कोण विचारणार? आणि तसं नसेल, तर आम्ही इथे जेवायला का आलो आहोत? दोन्हीपैकी एक प्रश्न तर पडायला हवा होता. पडला तो जेवणाच्या रांगेचा. पुढे 2 जुलै 2023 ला भुजबळ अजित पवारांबरोबर त्याच भाजपचा वाटा असलेल्या सरकारात मंत्री झाले, ज्या पक्षाचे लोक त्यांच्या तुरुंगवासाच्या बातम्या टाळ्या पिटत वाचत होते. त्याआधी पाचच दिवस, 27 जूनला, पंतप्रधानांनी भोपाळमध्ये राष्ट्रवादीच्या सत्तर हजार कोटींच्या घोटाळ्यांचा हिशेब पक्षकार्यकर्त्यांपुढे मांडला होता.

याला आपण ‘वॉशिंग मशीन’ म्हणतो, हसतो आणि विसरतो. हसण्यासारखं त्यात काही नाही. ‘इंडियन एक्स्प्रेस’ने एप्रिल 2024 मध्ये यादी छापली: 2014 पासून चौकशीच्या फेऱ्यात असलेले 25 विरोधी नेते भाजपच्या वळचणीला गेले, त्यांतल्या 23 जणांना दिलासा मिळाला. आणि सरकारने स्वतः 2025 मध्ये राज्यसभेत सांगितलं की दहा वर्षांत ईडीने राजकारण्यांवर 193 प्रकरणं नोंदवली, शिक्षा झाली दोनांत. एकशे त्र्याण्णवांत दोन! एवढे निर्दोष लोक पकडले असतील तर तो छळ आहे. एवढे दोषी सुटले असतील तर ती मिलीभगत आहे. तिसरं काही मला सुचत नाही.

नाशिकचंच बघा. ऑक्टोबर 2023 मध्ये शिंदे गावात एमडी हा अमली पदार्थ बनवण्याचा कारखाना सापडला. कोणाला? मुंबईच्या साकीनाका पोलिसांना. आपल्या उंबऱ्यावर शिजत असलेलं विष मुंबईहून येऊन शोधावं लागलं. शहरात संताप झाला, मोर्चेही निघाले. आठवड्याभरात वाद कशावर पोचला? या प्रकरणातला आरोपी ललित पाटील कोणत्या शिवसेनेचा, या शिवसेनेचा की त्या. कारखान्याकडे डोळेझाक करायला कोणी किती घेतले, हा प्रश्न त्या गदारोळात मेला.

मग 2025 चा ऑक्टोबर आला. महापालिकेची निवडणूक तोंडावर. पोलिसांनी गुंडांना, त्यांच्या राजकीय गॉडफादरना उचललं, कॅमेऱ्यापुढे उभं केलं आणि वदवून घेतलं, ‘नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला’. सत्ताधाऱ्यांची माणसंही त्यात होती, हे मान्य करायला हवं. शहर खूश झालं. पोरांनी त्या वाक्याची रील केली. मीही सांगतो, रस्ते काही दिवस मोकळे वाटले. पण हे सगळे भाई एका रात्रीत उगवले होते का? त्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स कोणाच्या हद्दीत लागत होते? त्यांच्याविरुद्धच्या तक्रारी कोणी नुसत्या अदखलपात्र नोंदीवर भागवल्या? त्या अधिकाऱ्यांपैकी कोणाला कॅमेऱ्यापुढे उभं करून एखादं वाक्य म्हणायला लावलं? आणि न्यायालयाआधी कॅमेऱ्यापुढे माफी मागायला लावणारं पोलीस ठाणं उद्या तुमच्या पोराला उचलेल, तेव्हा कोणत्या तोंडाने विचाराल?

विजय तेंडुलकरांनी 1972 मध्ये ‘घाशीराम कोतवाल’ हे नाटक लिहिलं तेव्हा पुणं चिडलं, नाना फडणविसांची बदनामी झाली म्हणून. चिडायचं होतं ते गर्दीवर. कोतवालाला माणसं छळताना निमूट पाहणारी गर्दी, आणि नानांनी हात काढून घेतल्यावर त्याच कोतवालाला ठेचून जल्लोष करणारीही तीच गर्दी. 1791 साली खऱ्या घाशीरामाला पुणेकरांनी धोंड्यांनी मारलं. कोतवाल मेला, कोतवाली चालू राहिली. ती गर्दी म्हणजे आपण आहोत, मित्रहो, आणि आपल्यात लेखक जास्त ओरडणारे आहेत.

कोणी म्हणेल, मग सापळे लावायचेच नाहीत का? लावा. रोज लावा. पण कायदा नीट वाचा. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात 2018 मध्ये 17-अ हे कलम आलं. सरकारी निर्णयातल्या भ्रष्टाचाराचा तपास करायचा तर आधी सरकारची परवानगी. अपवाद कोणाला? जागच्या जागी लाच घेताना पकडला जाणाऱ्याला. म्हणजे पाचशे रुपये हातात घेणारा हवालदार विनापरवानगी उचलता येतो, आणि ज्याच्या सहीने कोट्यवधींची वाट लागते त्याच्यासाठी आधी अर्ज करायचा. वर लाचलुचपत विभाग गृहखात्याखाली, पोलीसही गृहखात्याखाली. घेणाऱ्याचा आणि पकडणाऱ्याचा मंत्री एकच. नव्या लोकायुक्त कायद्यात मुख्यमंत्र्याची चौकशी करायची तर विधानसभेच्या दोन तृतीयांश सदस्यांची संमती लागते. बहुमत ज्याच्या खिशात, त्याची चौकशी त्याच्याच परवानगीने!

‘सगळे सारखेच’ म्हणणाऱ्यांसाठी माझ्याकडे सहानुभूती नाही. सगळे सारखे म्हटलं की काहीच करावं लागत नाही, हप्ता देऊन घरी जाता येतं. या वसाहतीतल्या कारखानदारांनाही सांगतो. लाच देणंही आता गुन्हा आहे. जबरदस्तीने द्यावी लागली तर सात दिवसांत तक्रार केलीत तरच तुम्ही वाचता. ‘धंदा करायचा तर द्यावंच लागतं’ हे वाक्य न्यायालयात चालत नाही, माझ्यासमोरही चालणार नाही. इथल्या लिंक रोडवरचा भंगार बाजार 2017 च्या जानेवारीत मोठ्या बंदोबस्तात उठवला, आपण पाहायला गेलो होतो. तो परत बसला तेव्हा कोणी पाहायला गेलं नाही. असे बाजार फुकट परत बसत नसतात.

समारोपाला ठराव मांडायची प्रथा आहे, म्हणून तीन मांडतो. चांदीवाल आयोगाचा अहवाल सभागृहाच्या पटलावर ठेवावा. लाचलुचपत प्रतिबंधक विभाग गृहखात्यातून काढून स्वतंत्र यंत्रणेकडे द्यावा. आणि नाशिकमध्ये लागलेल्या प्रत्येक सापळ्याचा न्यायालयात काय निकाल लागला, ते दरवर्षी नावासकट जाहीर करावं. पहिले दोन मुंबईला जातील, तिसऱ्यासाठी माहितीचा अधिकार इथूनही वापरता येतो आणि दहा रुपये लागतात. अनुमोदन द्यायला जो उभा राहील त्याने आपलं पूर्ण नाव आणि आपलं घर कोणत्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत येतं ते मोठ्याने सांगावं.