‘फार्मर’ म्हणजे शेतकरी नव्हे



तुम्ही कापसाच्या भावाचे ऐकायला आलात आणि आम्ही एका इंग्रजी शब्दाची गोष्ट घेऊन उभे राहिलो, म्हणून रागावू नका. शब्द छोटा आहे, ‘फार्मर’. पाचवीतल्या पोराला विचारा, तो घोकून सांगेल, फार्मर म्हणजे शेतकरी. आम्हीही तसेच समजत होतो.

मग एल्फिन्स्टनसाहेबाने पेशवाई बुडाल्यावर १८१९ साली लिहिलेला अहवाल वाचताना आमची गाडी अडली. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीची हकिकत सांगताना त्यात ‘फार्मिंग’ येते. पण त्या फार्मिंगमध्ये कोणी नांगर धरत नाही, कोणी पेरत नाही. पुण्यात बसून मामलतीवर बोली लागते. ज्याची बोली मोठी त्याला मामलत. तो ती तुकड्यातुकड्याने खालच्याला देतो, खालचा आणखी खालच्याला, आणि शेवटी गावच्या पाटलापर्यंत हे ओझे उतरते. पाटील ते कोणाच्या डोक्यावर ठेवणार, हे आपल्याला सांगायला नको. म्हणजे साहेबाच्या इंग्रजीतला फार्मर हा आपला मक्तेदार होता, इजारदार होता!

ही साहेबाची चूक नव्हती. शब्दाचा मूळ अर्थच तो. लॅटिन भाषेत ‘फिर्मा’ म्हणजे ठरलेली, पक्की रक्कम. फ्रेंचांकडून ‘फर्म’ होऊन तो शब्द इंग्रजीत आला, तेव्हा ‘फार्म’ म्हणजे जमीन नव्हती, जमिनीवरचा ठरलेला खंड होता. पुढे खंडाने दिलेल्या जमिनीला फार्म म्हणू लागले, आणि सोळाव्या शतकाच्या सुमारास कोणत्याही शेताला. फार्मरचेही तसेच झाले. आधी ठराविक रक्कम कबूल करून कर गोळा करणारा, मग खंडाने जमीन धरणारा, आणि अगदी शेवटी शेती करणारा. नांगर त्याच्या हातात सर्वांत उशिरा आला.

इंग्रजांच्या जुन्या बोलीतही याच्याशी मिळताजुळता एक शब्द होता, ‘फेओर्म’. त्याचा अर्थ अन्न, जेवण, शिधा. लॅटिनचा ‘फिर्मा’ आणि हा ‘फेओर्म’ यांचे नाते काय, यावर पंडितांचा वाद आहे. तो त्यांना घालू द्या. आपल्या कामाचे एवढेच, की राजाला गावांनी पोचवायच्या शिध्याला फेओर्म म्हणत. असा शिधा किती असे? सातव्या शतकाच्या अखेरीस वेसेक्सचा राजा इने याच्या कायद्यात यादीच दिली आहे. एका कुटुंबाचे पोट भरेल तेवढ्या जमिनीला ते एक हाइड म्हणत. अशा दहा हाइडांमागे दहा पिंपे मध, तीनशे भाकरी, बेचाळीस मापे दारू, दोन मोठी गुरे किंवा दहा मेंढे, दहा हंस, वीस कोंबड्या, दहा चीज, एक माप लोणी, पाच मोठे मासे, वीस पौंड वैरण आणि शंभर वाम. दहा घरांच्या जमिनीवर तीनशे भाकरी! आपल्या आयाबहिणींनी चुलीपुढे बसून हिशोब करावा.

१०८६ साली इंग्लंडात जमिनीची मोठी मोजदाद झाली, तिच्यात काही गावांपुढे ‘एका रात्रीची फिर्मा’ अशी नोंद आहे. मुळात ती राजा आणि त्याचा लवाजमा यांच्या एका रात्रीच्या मुक्कामाच्या खर्चाची. राजा कधी येईल तेव्हा येवो, बोजा गावावर कायम. तोवर पुष्कळ ठिकाणी त्याचे पैसेही ठरून गेले होते.

मग जो खरोखर राबत होता त्याला काय नाव होते? नावे होती, ‘चर्ल’, ‘बूर’, ‘व्हिलन’. आज इंग्रजीत पहिल्या दोहोंचा अर्थ अडाणी, असभ्य माणूस, आणि तिसरा तर सिनेमातला खलनायक. राबणाऱ्याचे नाव शिवी झाले. आपल्याकडे ‘गावंढळ’ म्हणतात, त्याचीच ही चुलत भावंडे.

शब्दाच्या पोटात जी गोम आहे ती ‘ठरलेली’ या एका शब्दात आहे. पीक ठरलेले नसते, पाऊस ठरलेला नसतो, रक्कम मात्र ठरलेली. बंगालात १७७० चा भयंकर दुष्काळ पडला आणि अवघ्या दोन वर्षांनी, १७७२ साली, हेस्टिंग्जच्या कंपनी सरकारने जमीनमहसूल पाच वर्षांच्या मक्त्याने सर्वांत मोठ्या बोलीला देऊन टाकला. त्या मक्तेदारांनाही कागदोपत्री फार्मरच म्हटले आहे. बोली इतक्या चढल्या की बाकी थकत गेली. पण थकेपर्यंत जी वसुली झाली, ती दुष्काळातून वाचलेल्या रयतेकडूनच.

आता आपल्या शिवारात या. मक्त्याने रान करणारे इथे किती बसले आहेत? हात वर केला नाही तरी चालेल, आम्हाला ठाऊक आहे. पाडव्याला मक्त्याचे पैसे मोजून द्यायचे आणि मग आभाळाकडे पाहायचे. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने बोंडे पोखरली, तेव्हा मक्त्याचा एक रुपयाही कमी झाला नव्हता. बटईत निदान तोटा वाटून जातो. मक्त्यात सगळा तोटा राबणाऱ्याच्या पदरात पडतो आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचे असते.

गंमत बघा. २००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणात शेतकऱ्याच्या व्याख्येत कूळ, बटईदार, शेतमजूरसुद्धा आहेत. २०१९ साली सुरू झालेल्या पीएम-किसान योजनेचे वर्षाचे सहा हजार मात्र ज्याच्या नावावर जमीन आहे त्या कुटुंबाला मिळतात. मक्त्याने ज्वारी पेरणारा, ती खुडणारी त्याची बायको, यांच्यापर्यंत ती व्याख्या धोरणाच्या कागदातून उतरलीच नाही.

आपला शब्द साधा आहे. शेत करतो तो शेतकरी. त्यात रक्कम नाही, बोली नाही, सातबाराही नाही. पुढच्या वेळी तहसीलमध्ये कोणी विचारले की तुम्ही शेतकरी कशावरून, तर आधी त्यालाच विचारा, तुमच्या फॉर्मवर कोणता अर्थ धरला आहे, इंग्रजांचा की आमचा?